त्याच गाण्यांचे आणखी एक केंद्र

२००५ सालच्या पावसाळ्यात मी एक बारा पानी टिपण लिहिले. विषय एका ओळीचा होता : मुंबईत लोकप्रिय गाणी वाजवणारे आणखी एक एफएम केंद्र काढावे काय? त्या जुलैमध्ये केंद्र सरकारने खासगी रेडिओचे नवे धोरण जाहीर केले होते. निविदा तोंडावर होत्या आणि ज्या उद्योगसमूहासाठी आमच्या छोट्या सल्लागार कचेरीने हे काम घेतले होते, त्याला पंधरा दिवसांत उत्तर हवे होते. शहरात आधीच असलेली केंद्रे जवळपास एकच गाणी वाजवीत होती. नव्याने येणाऱ्यानेही तीच वाजवावीत की दुसरे काही, एवढाच खरा प्रश्न होता.

मी ‘तीच वाजवावीत’ असे उत्तर दिले. आकडेमोड चोख होती आणि तिच्याबद्दल आजही मला शंका नाही. मात्र नवव्या पानावर मी एक वाक्य लिहिले होते : ‘मराठी श्रोता हिंदी चित्रपटगीते आवडीने ऐकतो, त्याच्यासाठी वेगळ्या केंद्राची व्यावसायिक गरज दिसत नाही.’ हे वाक्य माझ्या घरातच खोटे ठरत होते. माझे वडील गिरणीतून निवृत्त झालेले. संध्याकाळी मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ आणि पुढे ‘आपली आवड’ हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. जुना संच बिघडला तेव्हा मी त्यांना रेडिओ असलेला मोबाइल आणून दिला. त्यावर एफएम लागे, मध्यमलहरी लागत नसत. आकाशवाणीच्या एफएम वाहिन्यांवर मराठीला थोडा वेळ मिळे, पण दिवसभराची मराठी वाहिनी मध्यमलहरींवर होती. दोन दिवस बटणे दाबून झाल्यावर त्यांनी विचारले, “आपलं कुठं लागतं रे ह्याच्यावर?” मी म्हणालो, “बाबा, हे ऐका ना, ही पण चांगली गाणी आहेत.” ते ऐकू लागले. माझ्या हिशेबात ते ‘हिंदी हिट गाण्यांचे श्रोते’ झाले.

त्या नवव्या पानावरच्या वाक्याची तपासणी करण्यासाठी हा लेख लिहितो आहे. त्यासाठी मागे जावे लागेल. कारण हा प्रश्न या शहरापुढे २००५ साली पहिल्यांदा आलेला नव्हता.

१

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते, आणि चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कमी झाला, गाणी निवडून-पारखून घेतली जाऊ लागली. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात, म्हणून तेही गाळले गेले. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली.

केसकरांचा हिशेब असा होता की रेडिओ एकच आहे, तेव्हा लोक जे लागेल ते ऐकतील आणि ऐकता ऐकता त्यांना त्याची गोडी लागेल. हा हिशेब लघुलहरींनी मोडला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेले जबरदस्त प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. कोलंबोहून निघालेला आवाज मुंबईतल्या चाळीत स्पष्ट ऐकू येई. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईचे, ध्वनिमुद्रण मुंबईत, जाहिरातदारही मुंबईचे. फक्त फिती विमानाने कोलंबोला जात आणि कार्यक्रम समुद्रावरून परत येई. बुधवारी रात्री आठ वाजता रस्त्यावरून चालणाऱ्याला घराघरांतून तेच गाणे ऐकू येत असे, ही आठवण त्या पिढीतल्या अनेकांनी सांगितलेली आहे.

केसकरांना हसणे आज सोपे आहे. त्यांच्याच काळात पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात गदिमांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या चालींत आली. कुठल्याही चित्रपटातली नसलेली, कुठल्याही यादीत नसलेली ही गाणी घरोघरी पोहोचली. ‘हिट’ गाणी वाजवणाऱ्या केंद्राला कुणीतरी आधी केलेली हिट गाणी लागतात. ‘गीतरामायण’ रेडिओनेच घडवले. तेव्हा केसकरांची चूक चांगले संगीत देण्यात झाली नव्हती. श्रोत्याला जायला दुसरी जागा नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते आणि चूक तिथे होती.

पाच वर्षांनी सरकारने ती मान्य केली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरींच्या प्रक्षेपकांवरून तिचे प्रसारण होई. सूत्रे पंडित नरेंद्र शर्मांकडे होती. सरकारने स्वतःच्याच धोरणाविरुद्ध काढलेले हे लोकप्रिय गाण्यांचे स्पर्धक केंद्र म्हणता येईल. तरी त्यात गाणी एके गाणी नव्हती. ‘हवामहल’मधल्या नाटिका होत्या, सैनिकांसाठी ‘जयमाला’ होती. सिलोनशी टक्कर देताना विविध भारतीने त्याची नुसती नक्कल केली नाही, आणि हे शक्य झाले याचे एक कारण असे की पहिली दहा वर्षे तिला जाहिराती मिळवायच्या नव्हत्या.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी ती सवलत संपली. मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. योगायोग असा की त्याच्या महिनाभर आधी, ३० सप्टेंबरला, बीबीसीने लंडनमध्ये ‘रेडिओ वन’ काढला होता. तिथे सिलोनची जागा समुद्रात उभ्या केलेल्या जहाजांवरच्या बेकायदा केंद्रांनी घेतली होती. सरकारने ती कायद्याने बंद केली आणि त्यांचीच गाणी बीबीसीकडून वाजवून घेतली. दोन्ही देशांत सार्वजनिक रेडिओ हलला तो श्रोता उठून दुसरीकडे गेल्यावर.

२

दुसरा प्रसंग नव्वदीतला. १९९३ पासून आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिन्यांवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली आणि १९९८ साली तो प्रयोग थांबवला. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला : आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि धनवंतांचीही. नागरिकांना अनेक आवाज ऐकायला मिळावेत, हा त्यामागचा विचार होता. सरकारने मात्र त्यातला ‘मालमत्ता’ हा शब्द तेवढा उचलला. मालमत्ता म्हटली की लिलाव आलाच.

१९९९ च्या धोरणानुसार देशातील ४० शहरांत १०८ वारंवारता लिलावाला काढल्या गेल्या. त्यातली जेमतेम विसेक केंद्रे प्रत्यक्षात वाजली. मुंबईत बोली वर्षाला ९ कोटी ७५ लाख रुपयांवर गेली, आणि अट अशी की हे शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. हा हिशेब मी टिपणासाठी केला होता, तो इथे देतो. पहिल्या वर्षी रोजचे पावणेतीन लाख रुपये, तेही एक गाणे वाजण्याआधी. पाचव्या वर्षी १७ कोटी. दहाव्या वर्षी ३४ कोटींहून अधिक. दहा वर्षांची बेरीज सुमारे १९८ कोटी. शुल्क उत्पन्नाशी जोडलेले नव्हते. केंद्र तोट्यात गेले तरी चक्रवाढ चालूच. शिवाय खासगी केंद्रांना बातम्या देण्याची मनाई होती. शहराच्या केंद्राने शहराविषयी बोलायचे ते रहदारी आणि हवामानापुरते.

२००२ साली मुंबईत पाच खासगी केंद्रे सुरू झाली : रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, विन आणि मिड-डे समूहाचे गो. ज्याला रोज पावणेतीन लाख भरायचे आहेत, तो पहिल्या दिवसापासून सर्वांत मोठ्या जमावाकडे धावणार, हे उघड होते. ‘गो ९२.५’ने इंग्रजीकडे झुकलेला वेगळा बाज धरला होता. पुढे ‘रेडिओ वन’ या नावाने तेही हिंदी गाण्यांकडे वळले. ‘विन’ फार काळ टिकले नाही.

म्हणजे आज आपण ज्याला लोकांची आवड म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग परवान्याच्या अटींनी ठरवला होता.

३

याची मीमांसा अर्थशास्त्रात जुनी आहे. १९२९ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी दाखवले की एकाच रस्त्यावरचे दोन दुकानदार लांब लांब बसण्याऐवजी मध्यावर पाठीला पाठ लावून बसतात. १९५२ साली, म्हणजे केसकर मंत्री झाले त्याच वर्षी, पीटर स्टायनर यांनी हा विचार रेडिओला लावला. त्यांचे गणित मी टिपणात कल्पित आकडे घेऊन मांडले होते. समजा, शंभर श्रोते आहेत. ८० जणांना नवी हिंदी गाणी हवीत, १२ जणांना जुनी, ८ जणांना मराठी. पहिले केंद्र ८० कडे जाईल. दुसरे? वेगळे काही केले तर १२ मिळतील, तेच केले तर ४०. तेही तिकडेच जाईल. पाचव्याला १६ मिळतात, सहाव्याला १३ च्या वर. सातव्याला मात्र ८० मधला वाटा साडेअकरावर येतो, तेव्हा कुठे त्याला जुनी गाणी परवडतात. आठवे, नववे, दहावे केंद्र पुन्हा नव्या गाण्यांकडेच जाते. मराठीचा विचार अकराव्याने करायचा.

एवढी केंद्रे मुंबईच्या पट्टीवर बसणार नव्हती. म्हणून निष्कर्ष : तीच गाणी वाजवा. मूर्खपणा कुणाचाच नाही, प्रत्येक जण शहाणपणाने वागतो, आणि शहराला एकाच गाण्याच्या पाच प्रती मिळतात.

स्टायनर यांच्या विवेचनाचा उत्तरार्ध अधिक चमत्कारिक आहे. हीच केंद्रे एकाच मालकाची असती, तर त्याने स्वतःशी स्पर्धा केली नसती. एकावर नवी, दुसऱ्यावर जुनी, तिसऱ्यावर मराठी लावून त्याने शंभरच्या शंभर गोळा केले असते. मक्तेदारीतून विविधता आणि स्पर्धेतून एकसुरीपणा! मुंबईत याची अर्धी प्रचीती पुढे आलीच. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका शहरात एकाच मालकाला एकाहून अधिक केंद्रे ठेवण्याची मुभा दिली. २०१५ च्या लिलावानंतर, ज्या समूहाचे ‘फीवर’ हे नव्या गाण्यांचे केंद्र होते, त्यानेच २०१६ साली ‘रेडिओ नशा’ काढले. ते जुन्या हिंदी गाण्यांना वाहिलेले होते. मालक तोच, म्हणून गाणी वेगळी.

पण प्रचीती अर्धीच. जुन्या गाण्यांचे १२ जण सापडले. मराठीचे ८ कुठे गेले?

याचे उत्तर जॅक बीबी यांनी १९७७ साली देऊन ठेवले होते, आणि २००५ मध्ये मी ते वाचलेही होते. स्टायनर यांनी धरले होते की ज्याला आपल्या आवडीचे मिळत नाही तो रेडिओ बंद करतो. बीबी म्हणाले, तसे होत नाही. पहिल्या आवडीचे नसले तर लोक दुसऱ्या आवडीवर भागवतात. आणि एकदा लोक भागवून घेतात हे मालकाला कळले, की तो एक असो वा अनेक, त्यांच्या पहिल्या आवडीवर खर्च करण्याचे कारणच उरत नाही. मुंबईतला मराठी माणूस हिंदी गाण्यांवर भागवून घेतो. त्याचे प्रेमही त्या गाण्यांवर आहे, ते खोटे नव्हे. म्हणून मोजणीत तो ८० मध्ये बसतो. जे ८ उरतात ते फक्त कधीच हिंदी न ऐकणारे. माझ्या गणितातला ८ हा मराठी श्रोत्यांचा आकडा नव्हताच. तडजोड न करणाऱ्या मराठी श्रोत्यांचा तो आकडा होता.

आमच्या कचेरीने पाहणीसाठी काढलेल्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, ‘सध्या कोणते केंद्र ऐकता?’ ‘काय ऐकावेसे वाटते?’ हा प्रश्न वेळ वाचवण्यासाठी गाळला गेला. गाळणारा मीच होतो. २००७ पासून मुंबईत रेडिओच्या श्रोत्यांची नियमित मोजणी सुरू झाली. निवडक लोक रोज काय ऐकले ते वहीत नोंदवीत. तिथेही लोकांनी काय ऐकले हेच कळे. जे कुठे लागतच नाही, ते वहीत येणार कसे?

४

२००५ च्या धोरणाने अमित मित्रा समितीच्या विचाराप्रमाणे चक्रवाढ शुल्क काढून टाकले. सुरुवातीला एकरकमी प्रवेशशुल्क आणि मग दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के, असा सोपा हिशेब आला. रोजच्या पावणेतीन लाखांचा धाक गेला. वेगळे काही करून पाहण्याची सोय त्यात होती. माझ्या टिपणाने ती वापरली नाही.

तसे करून पाहणारे होते. देशातले पहिले खासगी एफएम केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत सुरू झाले. तिथेही सुरुवातीचा काळ हिंदी-इंग्रजीचा होता. नव्या धोरणानंतर आलेल्या केंद्रांपैकी अनेकांनी कन्नड गाण्यांना अग्रस्थान दिले आणि शहराच्या रेडिओचा सूर पालटला. बंगळुरू काही एकभाषी शहर नव्हे. तिथला कन्नड माणूसही हिंदी गाण्यांवर भागवून घेऊ शकला असता. चेन्नईत तर तमिळ गाण्यांवाचून केंद्र चालवण्याची कल्पना फारशी कुणी केली नाही. इकडे कोल्हापुरात ‘टोमॅटो एफएम’ मराठी बोलत, मराठी गाणी लावत उभे राहिले. फरक लोकसंख्येच्या टक्केवारीत शोधला तर थोडासाच सापडतो. मोठा फरक असा की मुंबईत हिंदी चित्रपट तयार होतात, जाहिरातीचे पैसे मुंबईत ठरतात आणि मुंबईचे केंद्र म्हणजे अखिल भारतीय जाहिरातदाराला दाखवायची काचेची खिडकी, असा समज होता. त्या खिडकीत शहराची स्वतःची भाषा ठेवणे कुणाला शोभिवंत वाटले नाही.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मराठी केंद्र काढले असते तर ते चाललेच असते, असा दावा मी करीत नाही. २००५ साली मराठी चित्रपटसंगीताची नवी आवक तुटपुंजी होती आणि दिवसाचे अठरा तास जुन्या भावगीतांवर काढणे कठीण होते. पण हाही युक्तिवाद उलटा फिरतो. गाणी वाजायला जागा नसेल तर नवी गाणी करायची कुणी, कुणासाठी? २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा त्याची गाणी मुंबईच्या खासगी केंद्रांवरही दणक्यात वाजताना मी ऐकली. श्रोता तिथेच होता. मात्र त्याच्यापर्यंत पोहोचायला मराठी गाण्याला आधी एवढे मोठे व्हावे लागले की टाळणे अशक्य होईल.

५

आता केसकर आणि माझे टिपण शेजारी ठेवून पाहतो. केसकरांना लोकांची आवड मान्य नव्हती आणि मला तर फक्त लोकांच्या आवडीची आकडेवारी मान्य होती. आम्ही दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहोत असे मला वर्षानुवर्षे वाटत आले. पण दोघांच्या हिशेबाचा पाया एकच आहे : हा ऐकणारा जाणार कुठे? १९५२ साली त्याला कोलंबो मिळाले आणि केसकर हरले. २००५ साली त्याला कोलंबो नव्हते, म्हणून मी बरोबर ठरलो. त्या उद्योगसमूहाने निविदा शेवटी भरलीच नाही, त्यामुळे माझे गणित प्रत्यक्षात कधी तपासलेही गेले नाही. पण इतरांनी तेच गणित केले आणि त्याच गाण्यांची केंद्रे उभी राहिली.

आज कोलंबो प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्याला जे हवे ते गाणे फोनवर लागते; त्याला कुणाच्या यादीवर भागवून घ्यायचे कारण नाही. म्हणून लोकप्रिय गाण्यांचे आणखी एक केंद्र काढावे काय, हा प्रश्न आज कुणी विचारला तर २००५ चे उत्तर उपयोगाचे नाही. जे फोनवर आधीच आहे ते पुन्हा वाजवणाऱ्या केंद्राला शेजारच्या केंद्राशी स्पर्धा करायची नसते. श्रोत्याच्या बोटाशी करायची असते. फोनवर जे मिळत नाही, म्हणजे आपल्या भाषेत आपल्या शहराविषयी या घटकेला बोलणारे माणूस, ते ज्याच्याकडे आहे त्याला जागा आहे.

वडील २०११ साली गेले. शेवटपर्यंत त्या मोबाइलवर हिंदी गाणी ऐकत होते. तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही. कुठल्याही पाहणीत ते समाधानी श्रोते म्हणून मोजले गेले असते. ते टिपण आज पुन्हा लिहायचे झाले तर मी गणित बदलणार नाही. प्रश्नावलीत फक्त दोन रकाने वाढवीन : ‘काय ऐकावेसे वाटते, पण लागत नाही?’ आणि ‘ते लागले, तर आत्ताचे सोडाल का?’